दहा वर्षांची सवलत

देशादेशांमधल्या कॉपीराइटच्या करारांविषयी काही विचारायचं असलं की सगळे एकाच माणसाकडे बोट दाखवत. वय एकोणसत्तर, अंगात कोपरावर विरलेला कोट, खिशात दोन चष्मे आणि हवा तो नेमका तिसरीकडे विसरलेला. त्यांना सगळे करारकाका म्हणत. एका प्रकाशन संस्थेत जन्म घालवलेला हा भाषांतरकार करारांवर बोलायला लागला की थांबत नसे, आणि गंमत म्हणजे लोकही ऐकत. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी काही देश एकत्र बसले, एकमेकांची पुस्तकं परस्पर छापायची नाहीत असं त्यांनी ठरवलं, कुणी लगेच सही केली, कुणी 'बघू' म्हणून घरी गेले आणि पुढची कित्येक वर्षं बघतच राहिले, हे सगळं ते असं रंगवून सांगत, की जणू भावाभावांच्या वाटण्या चालल्या होत्या आणि हे कोपऱ्यात बसून ऐकत होते.

अशा माणसाला त्या दिवशी सकाळी अकरा वाजता, स्वतःच्या टेबलाशी बसल्या बसल्या, दरदरून घाम फुटला.

"बाबा, वारस सापडला!" त्यांची लेक दारातूनच ओरडली. लेक आता त्याच संस्थेत संपादक होती आणि बापाच्या पहिल्यावहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचीच असं तिने डोक्यात घेतलं होतं. "अहो, परदेशात पत्रं लिहून लिहून माझी बोटं झिजली, आणि वारस निघाला कुठे? आपल्याच शहरात! इथून चार थांब्यांवर! लेखकाची थोरली बहीण. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि ठणठणीत आहे. त्याला बायकापोरं नव्हती, म्हणजे हक्क सगळे तिच्याकडे. तिची सही आणली की झालं."

"बहीण," करारकाका म्हणाले.

"हो ना! म्हणजे पुस्तकातली ताईच की हो ती! कडी लावणारी! माझ्या तर अंगावर काटा आला. तुम्हीच जा बाबा. तुम्हाला बघितल्यावर ती नाही म्हणूच शकणार नाही."

करारकाकांनी पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. पेला रिकामा होता.

पुस्तक म्हणजे एका माणसाच्या लहानपणच्या आठवणी. दोन खोल्यांचं घर, अंथरुणाला खिळलेली आई, दहा वर्षांचा मुलगा आणि त्याची सतरा वर्षांची बहीण. एक दिवस आई तापाने फणफणलेली असताना ही बहीण एका परदेशी माणसाबरोबर लग्न करून निघून जाते, आणि जाताना घराला बाहेरून कडी लावते. मुलगा शाळेतून येतो, तर दार बंद आणि आत आई. नवव्या प्रकरणाचा शेवट असा होता: "ताईने बाहेरून कडी लावली आणि मागे वळून पाहिलं नाही." हे वाक्य देशातल्या पोराटोरांना पाठ होतं. धडाच होता तो शाळेच्या पुस्तकात, आणि त्याखाली प्रश्न होता: 'ताईच्या स्वभावातला निष्ठुरपणा उदाहरणांसह स्पष्ट करा.' पाच गुणांना.

आणि ताईवर हा पाच गुणांचा शिक्का बसला तो करारकाकांच्या हातून.

आता त्यासाठी दहा वर्षांच्या सवलतीची भानगड सांगितलीच पाहिजे, कारण पाप घडलं ते तिच्याच आडोशाने. करार करताना, ज्या देशांकडे पुस्तकं उदंड होती त्यांना नियम कडक हवे होते. ज्यांच्याकडे पुस्तकं थोडी आणि वाचायची भूक मोठी, ते म्हणाले, सही करतो, पण भाषांतराचं काहीतरी बघा. मग तोड निघाली. मूळ पुस्तक छापून दहा वर्षं झाली आणि तोवर लेखकाने आमच्या भाषेत त्याचं भाषांतर बाजारात आणलं नाही, तर आमच्या भाषेपुरता त्याचा हक्क संपला. मग भाषांतर कुणीही करावं, कुणाला विचारू नये. सगळं कायदेशीर. ही सवलत देशाने गेल्या वर्षीच सोडून दिली होती, म्हणून तर नव्या आवृत्तीला वारसाची सही लागत होती.

त्या काळी संस्थेचे जे मालक होते, ते मोठे तत्त्वाचे. खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून परदेशी लेखकाचं पत्र आलं की ते फोडायचंच नाही! उत्तर दिलं की बोलणं सुरू होतं, बोलणं सुरू झालं की अट येते, आणि आपण अट मानली नाही की लेखक दुसरा प्रकाशक गाठतो. न फोडलेल्या पत्राला उत्तर द्यावं लागत नाही, आणि कुणी विचारलंच तर 'वाचलं नाही हो' असं छातीवर हात ठेवून सांगता येतं. मालकांच्या टेबलाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे, त्यात ही पत्रं पडून राहत. दहा वर्षं भरली की डबा निघायचा, पत्र फोडायचं, पाकिटाच्या कोपऱ्यात फोडल्याची तारीख पेन्सिलीने टाकायची, आणि तिकीट कापून मालकांच्या वहीत चिकटवायचं. मालकांना तिकिटांचा नाद होता.

करारकाका तेव्हा अडतीस वर्षांचे होते आणि त्यांना अजून कुणी काका म्हणत नव्हतं. बारा वर्षं इतरांची प्रुफं तपासून झाल्यावर त्यांना पहिल्यांदा एक पुस्तक मिळालं होतं, मुखपृष्ठावर स्वतःचं नाव असलेलं. सवलतीला आठ महिने बाकी असताना लेखकाचं पत्र आलं आणि डब्यात गेलं. करारकाका खाली मान घालून भाषांतर करत राहिले. डबा त्यांच्या पायाला लागे एवढ्या अंतरावर होता.

दहा वर्षं भरली तो दिवस सोमवार होता. छापलेल्या पानांचे फर्मे बांधणीवाल्याकडे पोचले होते. शेजारच्या गल्लीतल्या प्रकाशकानेही हेच पुस्तक छापायला घेतल्याची पक्की खबर होती, सवलत काय सगळ्यांनाच होती. जो आधी दुकानात जाईल त्याचं खपणार आणि दुसऱ्याचं रद्दीत जाणार. मालकांनी डबा काढला, पत्र करारकाकांच्या हातात दिलं आणि पाकीट स्वतःकडे घेतलं. मालकांना ती भाषा येत नव्हती.

पत्रात लेखकाने एकच मागणं मागितलं होतं. नवव्या प्रकरणात मी ताईवर अन्याय केलाय, तेवढा तुमच्या भाषेत दुरुस्त करा.

"काय म्हणतोय?" तिकिटाच्या कडेने कात्री फिरवत मालकांनी विचारलं.

एक फर्मा पुन्हा छापायचा म्हणजे आठवडा गेला. आठवडा गेला म्हणजे शेजारची गल्ली पुढे गेली. घरी बायकोला सातवा महिना होता. मुखपृष्ठाचा नमुना समोरच टेबलावर पडला होता, आणि त्यावरच्या स्वतःच्या नावाकडे त्यांनी सकाळपासून दहादा पाहिलं होतं.

"काही नाही," करारकाका म्हणाले. "शुभेच्छा दिल्यात."

मालक काही खोटं बोलले नाहीत. ते काम त्यांनी आयुष्यात कधी केलं नाही. मालक आता जगात नव्हते, त्यांच्या तिकिटांची वही कुठे गेली कुणास ठाऊक, पण कापलेल्या कोपऱ्याचं ते पाकीट आणि आतलं पत्र करारकाकांच्या घरी जुन्या शब्दकोशात एकतीस वर्षं होतं. फाडून का टाकलं नाही? टाकायला घेतलं होतं, दोनदा. मग दरवर्षी त्याच तारखेला ते काढून वाचायचं, असं लागलं. पुस्तक निघाल्यावर पाच वर्षांनी लेखक वारल्याची चार ओळींची बातमी आली, त्या दिवशी तर त्यांना जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय. पुढे किती व्याख्यानं झाली, किती सत्कार झाले. करारांचा सगळा इतिहास त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितला, त्यातला बिस्किटांचा डबा मात्र गाळून.

त्या दुपारी ते घरी गेले, शब्दकोश काढला आणि पाकीट कोटाच्या डाव्या खिशात घातलं. उजव्या खिशात लेकीने टाइप करून दिलेला परवानगीचा कागद होता. बसमध्ये बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की फक्त उजव्या खिशात हात घातला तरी काम भागणार आहे. सही घ्यायची, नमस्कार करायचा, उठायचं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला आता कशाला त्रास? हा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. सकाळपासून एकदाही ज्या बाईची काळजी केली नाही, तिची काळजी नेमकी आता उपटली होती.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्याची भिंत हात लागून लागून कमरेएवढ्या उंचीवर काळवंडली होती. दार उघडलं ते एका लहानखुऱ्या, ताठ म्हातारीने. गळ्यात शिंप्याची टेप होती.

"या. तुमच्या मुलीचा फोन आला होता. चपला राहू देत, जमिनीवर टाचण्या सांडल्यात. मीच ती ताई. तुमच्या पुस्तकातली."

खोलीत खिडकीशी शिवणयंत्र होतं, त्यावर शाळेच्या गणवेशाची एक बाही अर्धवट शिवलेली. फळीवर धाग्यांची रिळं रंगांप्रमाणे लावलेली, आणि त्यांच्या शेजारी, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं एकच पुस्तक.

म्हातारीने चहा ठेवला. "मी इथे आले तेव्हा मला ओ का ठो येत नव्हतं," ती म्हणाली. "तिकडे आईच्या उशाशी बसायचं म्हणून मला शाळेतून काढलं होतं. भाऊ शिकला. मला इकडे आल्यावर शिवणाच्या कारखान्यात टेपवरचे आकडे आधी आले. अक्षरं चाळिशीत शिकले, तुमच्या भाषेतली. तिकडची मला आजही वाचता येत नाहीत. बोलते मी, वाचत नाही."

"भावाची पत्रं येत असतील," करारकाका कसेबसे म्हणाले.

"यायची. पहिलं पत्र मी कारखान्यातल्या एकीकडून वाचून घेतलं. पंधरा वर्षांचा होता तो तेव्हा. इतक्या शिव्या होत्या त्यात, की ती बाई मधेच थांबली. त्यानंतर मी एकही फोडलं नाही. आली तशी परत पाठवली." तिने कप त्यांच्यापुढे ठेवला. "मग तुमचं पुस्तक आलं. मला वाटलं, पत्र म्हणजे राग असतो, माणूस एका झटक्यात लिहितो. पुस्तक काही कुणी रागाने लिहीत नाही, दोन-तीन वर्षं लागतात म्हणे. तेव्हा पुस्तकात त्याने काहीतरी बरं लिहिलं असेल. म्हणून विकत आणलं. नवव्या प्रकरणापर्यंत आले, आणि बंद केलं ते केलं."

तिने पुस्तक काढून पुढ्यात ठेवलं. आत खूण म्हणून निळ्या कापडाची एक चिंधी होती, आणि चिंधीच्या अलीकडची पानं हाताळलेली, पलीकडची कोरी करकरीत.

"पाच वर्षांनी दवाखान्यातून फोन आला. शेवटचं आहे, तुम्हाला बोलावतोय, या. मी नाही गेले. म्हटलं, देशभर पोरांना शिकवतोय मी कशी होते ते, आता आणि काय राहिलंय सांगायचं?" "बरं, कुठे करायची सही?"

आता खरं तर उजवा खिसा. करारकाकांचा हात तिकडे गेलाही. कागद निघाला, त्यांनी तो टेबलावर ठेवला, पेन ठेवलं, पेनाचं टोपणही काढून दिलं. म्हातारीने चष्मा लावला आणि कागदावर वाकली. तिच्या मानेवर, टेपच्या खाली, सुईने टोचल्यासारखे दोन बारीक तीळ होते. पुस्तकात होते ते. चौथ्या प्रकरणात लहानगा ताईच्या पाठुंगळी बसून ते मोजतो, आणि करारकाकांनी त्या दोन तिळांचं भाषांतर करायला अख्खी दुपार घालवली होती.

"थांबा," ते म्हणाले. "सही नका करू."

त्यांनी डाव्या खिशातलं पाकीट काढलं. आतला कागद घड्यांवर फाटायला आला होता. तो त्यांनी तिच्यापुढे उलगडला.

म्हातारीने बराच वेळ पाहिलं. "अक्षर त्याचंच," ती म्हणाली. "मोठा झाल्यावरचं. परत पाठवलेल्या पाकिटांवर असायचं. पण हे मला वाचता येत नाही. तुम्ही भाषांतर करता ना? करा."

आयुष्यभर करारकाकांनी भाषांतरं केली होती. ज्याचं आहे त्यानेच मागितलंय म्हणून केलेलं हे पहिलंच. त्यांनी घसा खाकरला.

"महाशय, माझं पुस्तक तुमच्या भाषेत यावं अशी माझी फार इच्छा आहे. मला कळलंय, की आणखी आठ महिन्यांनी तुम्हाला माझ्या परवानगीची गरज राहणार नाही. मी ती आजच देतो. मला काहीही नको. फक्त नववं प्रकरण बदला. ताईने कडी लावली हे खरं, पण आईने लावायला सांगितली म्हणून. मी हे लिहिलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पुस्तक छापल्यावर आमच्या शेजारणीने सांगितलं. आई तिला म्हणाली होती, तू जा, माझ्या उशाशी जन्म काढू नकोस, आणि बाहेरून कडी लाव, नाहीतर मीच उठून तुला परत बोलावीन. आणि धाकट्याला सांगू नकोस. तुझ्यावर रागावला तर चालेल, तू लांब असशील, माझ्यावर रागावला तर त्याला दुसरं कुणी नाही. महाशय, ताईने हे एवढी वर्षं कुणाला सांगितलं नाही. माझी पत्रं ती उघडत नाही, आणि बरोबरच आहे तिचं. पण ती तुमच्या देशात राहते, तुमच्या भाषेत वाचायला शिकली आहे असं कळतं. पुस्तक ती उघडेल. इथे जे छापलं ते छापलं. तुमच्या भाषेत तरी माझ्या ताईला मी बरोबर लिहिलेलं असू दे."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं. म्हातारी त्यांच्याकडे पाहत होती, कागदाकडे नाही.

"तुम्ही बघून वाचत नव्हता," ती म्हणाली.

"काय?"

"कागद माझ्या पुढ्यात आहे. उलटा आहे तुमच्या बाजूने. तुम्ही एकदाही खाली पाहिलं नाही. पाठ आहे तुम्हाला."

करारकाकांनी मान हलवली.

"कधीपासून?"

खरं तर त्यांनी वाचताना तारीखही गाळली होती, मुद्दाम, इतक्या सगळ्यानंतरही. वाटलं होतं, एवढं एक झाकून राहील. म्हातारीने गळ्यातली टेप बाजूला सारली आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"अक्षरं येत नाहीत मला. आकडे येतात." मग तिने पाकीट ओढलं. पेन्सिलीने टाकलेली तारीख फिकट झाली होती, पण दिसत होती, आणि 'फोडले' हा शब्द तर तिला वाचता येणाऱ्या भाषेत होता. मग तिने तपकिरी कव्हरचं पुस्तक उघडलं, पहिली आवृत्ती कधीची ते पाहिलं, आणि तिन्ही ओळीने टेबलावर मांडली, जसे बेतलेले तुकडे शिवायच्या आधी मांडावेत.

"हे फोडलं त्या दिवशी पुस्तक कुठे होतं?" आता तिच्या तोंडी 'तुम्ही' नव्हतं. "खरं सांग."

"बांधणीवाल्याकडे."

"म्हणजे दुकानात नव्हतं."

"नव्हतं. मला थांबवता आलं असतं. मालकांनी विचारलं होतं, काय लिहिलंय. मी म्हटलं, शुभेच्छा. कुणी मला भाग पाडलं नाही, बाई. मला माझं नाव छापून यायला हवं होतं."

बोलून झाल्यावर त्यांना रडू आलं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस परक्या खोलीत, शिवणयंत्रापाशी, रुमाल सापडेना म्हणून बाहीने डोळे पुसत होता. म्हातारीने त्यांची समजूत घातली नाही. तिने का घालावी?

मग ती म्हणाली, "तो दवाखान्यात होता ना, तेव्हा त्याला काय वाटलं असेल? पुस्तक वाचूनही आली नाही. त्याने तर सगळं दुरुस्त केलं होतं त्याच्या मते."

हे करारकाकांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी म्हातारीचं दुःख मोजलं होतं. लेखकाला त्यांची भाषा येत नव्हती, आपण मागितलं ते झालं नाही हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. माफी मागून झाली, ताईने वाचली, आणि तरी ती आली नाही, असं समजून तो माणूस गेला होता.

म्हातारीने पेन उचललं आणि सही केली. शिकाऊ, एकेक अक्षर सुटं.

"नववं प्रकरण तो म्हणाला तसं कर," ती म्हणाली. "आणि हे पत्र पुढे छाप. आलं कधी, फोडलं कधी, सगळ्या तारखा घाल. कुणी दाबून ठेवलं तेही."

"माझं नाव घालून?"

"तुझं नाव आहेच की पुस्तकावर."

करारकाका उठले. पत्राकडे त्यांनी हात केला नाही. ते आता त्यांचं नव्हतं, कधीच नव्हतं. दारापर्यंत गेल्यावर मागून म्हातारीचा आवाज आला.

"एक विचारायचं होतं. 'मागे वळून पाहिलं नाही' असं आहे शेवटी. ते त्याने लिहिलं होतं?"

त्यांनी डोळे मिटले. मूळ पुस्तकात वाक्य कडीवरच संपत होतं. पुढचं त्यांनी स्वतः जोडलं होतं, वाक्याला वजन यावं म्हणून. सगळ्या देशाला पाठ झालं होतं ते नेमकं तेवढंच.

"नाही. ते माझं."

"मी पाहिलं होतं," म्हातारी म्हणाली. "तीनदा."

खाली थांब्यावर येऊन ते बाकावर बसले. एक बस आली, थांबली, गेली. संध्याकाळचं ऊन समोरच्या भिंतीवर होतं आणि शाळेतून सुटलेली पोरं गणवेशात घोळक्याने चालली होती. त्यातल्या कितींनी ताईच्या निष्ठुरपणावर पाच गुण मिळवले असतील, असं त्यांच्या मनात आलं. फोन वाजला.

"बाबा! सही झाली का?"

"झाली."

"मला माहीतच होतं! तुम्हाला कोण नाही म्हणणार! कशी आहे हो ती? पुस्तकातल्यासारखीच आहे का?"

घरी गेल्यावर सांगू, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. जेवण झाल्यावर, सवडीने, जरा बेताबेताने. एकतीस वर्षं ते हेच म्हणत आले होते. पलीकडे लेक वाट पाहत होती, तिला वाटत होतं बापाला भरून आलंय.

"तुला एक पत्र ऐकवायचंय," करारकाका म्हणाले. "मधे बोलू नकोस. आधी तारीख ऐक."